मेंढीची जखम आणि माशी : प्रकल्प नोंदी, सांगोला तालुका, उन्हाळा २०२५

२ एप्रिल, बुधवार

आजपासून काम सुरू. गावात उन्हाळाभर राहणाऱ्या कळपांत जखमेत किडे पडू द्यायचे नाहीत, एवढाच उद्देश. आमच्याकडचे बरेच वाडे, म्हणजे मेंढपाळांचे फिरते तळ, दिवाळीनंतर पश्चिमेला चरायला जातात आणि मृगाच्या आसपास परततात. बाकीचे इथंच ज्वारीच्या मोकळ्या रानात, बाभळीच्या शेंगांवर आणि मिळेल त्या पाल्यावर उन्हाळा काढतात. पशुसखी म्हणून, म्हणजे जनावरांच्या साध्या उपचाराला मदत करणारी गावातली बाई म्हणून, या घरांत माझं वर्षभर जाणं-येणं आहे. जंताचं औषध पाजायला, लसीच्या दिवशी मेंढरं धरायला मला बोलावतात. जखमेसाठी मात्र किडे पडल्यावरच हाक येते आणि तोवर भोक बोटभर आत गेलेलं असतं.

इथल्याच एका कळपाचे मालक तात्या, त्यांनी विचारलं, "माशी पावसाळ्याची. आत्ता कशाला मागं लागलीस?" प्रश्न रास्त आहे. कोरड्या कडक उन्हात माशीचा जोर कमी असतो. पण जखमा उन्हाळ्यातच जास्त होतात. कातरणी याच दिवसांत, एडक्यांच्या (नर मेंढ्यांच्या) टकरी याच दिवसांत, आणि चारा नसल्यामुळे मेंढरं काट्याकुपाट्यांत तोंड घालतात तीही याच दिवसांत. मग मे महिन्यात वळीव पडला की माशीला ऊब आणि ओल एकदम मिळते आणि जखमा तर तयारच असतात. म्हणून माशी यायच्या आत जखमा बऱ्या करायच्या आणि नव्या कमी होऊ द्यायच्या, असं ठरवलं आहे. तात्यांना पटलं की नाही ते कळलं नाही, पण वाघरीचं, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीच्या कुंपणाचं, तोंड उघडून त्यांनी मला आत घेतलं.

५ एप्रिल, शनिवार

माशीबद्दल एकदा नीट लिहून ठेवते, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

आपल्याकडे मेंढीला त्रास देणाऱ्या माशा मुख्यतः दोन तऱ्हेच्या. ल्युसिलिया ही हिरवी चकाकणारी माशी. तिला घाण, ओली, वास मारणारी लोकर आवडते. शेपटीखाली हगवण चिकटलेली असेल तर तिथं ती अंडी घालते. मेलेल्या जनावरावरही ती वाढते. दुसरी क्रायसोमिया बेझियाना, निळसर हिरवी आणि जरा दणकट. हिची गोष्ट वेगळी. ती मेलेल्या जनावरावर किंवा शेणात वाढत नाही, तिला जिवंत जनावराचीच जखम लागते. गोचिड चावल्याची टाचणीएवढी खूण असली तरी तिला चालते.

बेझियानाची मादी जखमेच्या काठावर एका वेळी दीडशे-दोनशे अंडी ओळीत चिकटवते. १२ ते २० तासांत ती फुटतात. अळ्या डोकं खाली घालून मांस खात आत जातात. अंगावर काट्यांची कडी असल्यामुळे त्या घट्ट रुततात. श्वास घ्यायचं टोक मागे असतं, म्हणून वरून नुसती वळवळणारी टोकं दिसतात. सहा-सात दिवसांत अळी पूर्ण वाढते, जमिनीवर पडते आणि मातीत शिरून कोष करते. उबदार हवेत आठवडाभरात त्यातून माशी निघते. म्हणजे साधारण तीन आठवड्यांत एक पिढी.

यातला १२ तासांचा आकडा मी वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिला आहे. संध्याकाळी घातलेली अंडी सकाळी फुटलेली असू शकतात. आठवड्यातून एकदा कळप बघून भागणार नाही.

९ एप्रिल, बुधवार

कळपांतून फिरून जखमा बघितल्या. मेंढीचं अंग हातानंच बघावं लागतं, लोकरीखालचं डोळ्याला दिसत नाही. पाठीवरून हात फिरवत शेपटीकडे यायचं, मग मांडीच्या आतून कासेकडे, मग पुढचे खूर, शेवटी कान आणि शिंगाचा बुडखा.

गोचिडाच्या जखमा सगळ्यांत जास्त निघाल्या, कानात, खुरांच्या बेचक्यात आणि शेपटीच्या मुळाशी. त्या लहान असतात, म्हणून कुणी जखम धरतच नाही. त्याखालोखाल एडक्यांची शिंगं. दख्खनी एडक्याला शिंगं असतात, टकरीत बुडख्याजवळची कातडी फाटते, आणि तिथं मागचा पाय पोचत नाही की तोंडही पोचत नाही, त्यामुळे माशीला हाकलायला काही साधन नाही. डाळिंबाच्या बागांच्या तारेनं ओरखडलेली अंगंही बरीच दिसली. वेड्या बाभळीचा काटा कासेत मोडलेली एक मेंढी सापडली, तिचा काटा तिथंच काढला. कानात नुकताच बिल्ला मारलेल्या काही मेंढ्यांची भोकं अजून ओली आहेत.

परदेशात मेंढीची शेपूट कापतात ती याच माशीच्या भीतीनं, लांब शेपटीला घाण चिकटते म्हणून. आपल्या दख्खनीची शेपूट मुळात आखूड आणि बारीक. कुणीतरी व्हिडिओ बघून शेपूट कापायची का, असं विचारलं. अजिबात नको. ती आणखी एक जखमच होईल.

१३ एप्रिल, रविवार

आबांच्या वाड्यावर कातरणी. दरवर्षी ती मेच्या मध्यापर्यंत लांबते, कारण कातरणारे मिळत नाहीत आणि काळ्या लोकरीला भाव नाही, त्यामुळे कुणाला घाईही नसते. यंदा आबांनी माझं ऐकलं आणि महिनाभर आधी घेतली. कातर चुकून लागली तर ती जखम भरायला दहा-बारा दिवस लागतात. आत्ता कातरलं तर वळीव यायच्या आत कातडी कोरडी होते, आणि पाऊस येईल तेव्हा लोकर आखूड असल्यामुळे अंग लवकर वाळतं. भाजक्या उन्हात उघडी कातडी पोळू नये म्हणून सकाळी सातला सुरुवात करून दहाला हात थांबवायचा आणि मेंढरं लिंबाखाली ठेवायची, असं ठरलं.

मी कातरणाऱ्या मामांच्या शेजारी बसून होते. मेंढी आडवी, तीन पाय एकत्र बांधलेले. मामा डाव्या हातानं कातडी ताणतात आणि उजव्या हातानं कातर चालवतात. पाठीवर कातर नुसती वाहत जाते. कापतं कुठं, तर कातडीला जिथं सुरकुती आहे तिथं : काखेत, मांडी आणि पोटाच्या मधल्या पडद्यावर, कासेच्या कडेला. डावा हात ढिला पडला की सुरकुती कातरीत येते. धार गेली की लोकर तुटत नाही, ओढली जाते आणि तिच्याबरोबर कातडी वर येते. म्हणून पाच-सहा मेंढ्या झाल्या की मामांनी सहाणेवर धार लावायची, हे आज पहिल्यांदा नियम म्हणून पाळलं. फरक लगेच दिसला.

कापलं की मामा वर चिमूटभर राख लावून मेंढी सोडून देत. आज मी पोव्हिडोन आयोडीनची बाटली आणि माशी हाकलणारा जखमेचा स्प्रे घेऊन बसले. मेंढीचे पाय सोडायच्या आधी ती माझ्याकडे वळायची. लाल दिसेल तिथं आयोडीन, काठाभोवती स्प्रे. मामा म्हणाले, "एवढा टाइम लागला तर कवा उरकायचं?" पण वैनी मध्ये पडल्या, "उरकू द्या दुपारपातूर. मागल्या साली किती गेली ती इसरला काय?" त्यानंतर मामा काही बोलले नाहीत. उलट कातर लागली की स्वतःच हाक मारत होते.

२४ एप्रिल, गुरुवार

सोलापूरचा पारा ४३ च्या घरात. दुपारी मेंढरं एकमेकींच्या पोटाखाली डोकी घालून गोल उभी असतात. ती सावलीसाठी तशी उभी राहतात आणि नाकातल्या माशीला चुकवण्यासाठीही. नाकात जिवंत अळ्या टाकणारी ती माशी वेगळी, या प्रकल्पात ती धरलेली नाही.

एवढ्या उन्हातही यंदाचा पहिला किडा आज सापडला. तात्यांचा एडका, शिंगाचा बुडखा. त्यांच्या विहिरीजवळ हौद आहे, शेजारी हत्तीघासाचा पट्टा आहे, तिथं कायम ओल असते. एडका सकाळपासून डोकं झटकत होता, चरत नव्हता. जवळ गेल्यावर आधी वास आला. हा वास एकदा ओळखला की विसरत नाही, सडक्या मांसाचा आणि त्यात काहीतरी गोडसर. तात्यांच्या आईनं मी सांगायच्या आधीच ओसरीवरून विचारलं होतं, "एडक्याला किडं पडल्यात का गं?" त्यांची नजर अधू आहे, पण नाक शाबूत आहे.

१९६२ या जनावरांच्या उपचाराच्या फोन नंबरला फोन लावला. डॉक्टर दुपारनंतर आले. काम कसं झालं ते सविस्तर लिहिते.

आधी जखमेभोवतीची लोकर वीतभर कातरून काढली, म्हणजे पू लोकरीत मुरणार नाही. मग कापडाची पट्टी टर्पेंटाईनमध्ये भिजवून भोकात भरली आणि दहा-पंधरा मिनिटं थांबलो. हवा कोंडली की अळ्या मागे सरकून वर येतात. चिमट्यानं एकेक ओढून काढली. घाईनं ओढली तर अर्धी तुटून आत राहते, म्हणून हात हलका हवा. मग लाल पोटॅशच्या फिक्या पाण्यानं धुतलं, मलम भरलं, काठाला स्प्रे. डॉक्टरांनी आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन कातडीखाली दिलं, एडक्याच्या वजनाच्या हिशोबानं. ते कोवळ्या अळ्यांवर चांगलं लागू पडतं. मोठ्या अळ्या मात्र चिमट्यानंच काढाव्या लागतात. उद्या परत बघायचं, कारण पहिल्या दिवशी सगळ्या कधीच निघत नाहीत.

आणि आता ज्यासाठी ही नोंद एवढी लांबवली ते. तात्यांनी निघालेल्या अळ्या सवयीनं पायाजवळ टाकायला सुरुवात केली. मी त्यांना थांबवून डब्यात उकळतं पाणी आणून ठेवलं आणि प्रत्येक अळी त्यात टाकायला लावली. तात्या म्हणाले, "कोंबड्या येचत्यात की." कोंबड्या वेचतात हे खरं, पण भुसभुशीत मातीत घुसलेली अळी त्यांच्या हाती लागत नाही. त्यातली भरलेली अळी सुटली तर आठवड्यात तिची माशी. आणि ही माशी उकिरड्यात वाढत नाही, तिचं बियाणं फक्त जिवंत जखमेत तयार होतं. म्हणजे गावातली पुढची माशी कुठून येणार, तर आज ज्याच्या मेंढीला किडे आहेत त्याच्याच वाघरीतून. एका कळपातली दुर्लक्षलेली जखम शेजारच्या चार कळपांना पुरते. मला वाटतं, आपल्याकडे या रोगाबाबत सगळ्यांत कमी बोललं जातं ते हेच.

२७ एप्रिल, रविवार

एडक्याच्या जखमेत काल दोन अळ्या निघाल्या, आज काही नाही. तळ लाल दिसतो. चरायला लागला.

३० एप्रिल, बुधवार

आखिती, म्हणजे अक्षय्य तृतीया. कामाला सुट्टी, पण वैनींकडे पुरणपोळीला गेले तेव्हा लोक जखमेवर काय काय ओततात त्याची यादीच निघाली. फिनेल, रॉकेल, डिझेल, घरातली उंदराची पावडरसुद्धा. फिनेलनं किडे मरतात, पण मांसही जळतं, जखम भरायला दुप्पट वेळ लागतो आणि तोवर दुसरी माशी येते. विषारी पावडर तर मेंढी चाटते.

सीताफळाच्या पाल्याचा वाटलेला लगदा मात्र जुन्या माणसांचा चांगला उपाय आहे. त्यानं अळ्या बाहेर येतात, मी पाहिलं आहे. डॉक्टर दूर असतील तर तो वापरायला हरकत नाही. फक्त शिंगाजवळ आणि डोळ्याजवळ जपून, आणि बियांची पूड तर डोळ्याच्या आसपास नकोच, डोळा जायची भीती असते. करंजाचं तेल काठाला लावलं तर माशी बसत नाही. ते भोकात ओतून उपयोग नाही.

८ मे, गुरुवार

डॉक्टरांशी सावकाश बोलणं झालं. अमेरिकेत अशीच जिवंत जखमेत वाढणारी दुसऱ्या जातीची माशी होती. तिची मादी आयुष्यात बहुधा एकदाच जुगते. हे ओळखून तिथल्या शास्त्रज्ञांनी किरणांनी वांझ केलेले नर लाखोंनी सोडले. १९५४ साली कुरासाव नावाच्या बेटावरून ती माशी त्यांनी संपवली आणि पुढे सगळ्या अमेरिकेतून. आता ती खालून मेक्सिकोत परत शिरली आहे. मी विचारलं, आपल्याकडे असं होईल का? डॉक्टर म्हणाले, त्याला सरकार लागतं, विमानं लागतात. आपल्या हातात रोज संध्याकाळी हात फिरवणं आहे.

१४ मे, बुधवार

काल संध्याकाळी वळीव झाला. गारा नव्हत्या, पण अर्धा तास चांगला बदडला. आज सकाळी हौदाच्या काठावर हिरव्या माशा दिसल्या, गेल्या आठवड्यापर्यंत नव्हत्या. सगळ्या घरांना निरोप दिला की आजपासून दोन वेळा बघायचं : सकाळी वाघर उघडताना आणि संध्याकाळी आत घेताना.

त्यासाठी वाघरीचं तोंड अरुंद ठेवायचं, एका वेळी एकच मेंढी आत जाईल इतकं. एकजण तोंडाशी बसतो आणि शेपटीवरून हात फिरवतो. जी मेंढी मागं वळून ढुंगणाकडे बघते, पाय आपटते, शेपूट सारखी हलवते किंवा कळपापासून बाजूला उभी राहते, तिला वेगळी काढायची. पोरांना हे पटकन जमतं. आबांचा नातू पाचवीत आहे, तो माझ्यापेक्षा लवकर ओळखतो.

१८ मे, रविवार

सांगोल्याचा बाजार. बकरी ईद ७ जूनला आहे, त्यामुळे एडक्यांना गिऱ्हाईक भरपूर. माडग्याळी जातीचे एडके उंच नाकाचे, त्यांच्याभोवती गर्दी. मी तिथं गेले ते एका अडचणीसाठी. ज्यांना ईदेला एडका विकायचा आहे त्यांनी जखम झाली तर काय करायचं? आयव्हरमेक्टिन दिलं की महिना-दीड महिना ते जनावर कापायला जाऊ नये. बाजारात हे कुणी विचारत नाही, पण आपण विकणाऱ्यांनी पाळायला हवं, ते मटण कुणाच्या तरी लेकरांच्या ताटात जाणार आहे. म्हणून विकायच्या एडक्यांना इंजेक्शनची वेळच येऊ द्यायची नाही. त्यांना वेगवेगळं बांधायचं म्हणजे टकरी होत नाहीत. गोचिड हातानं काढायचे.

आणि इथं धंद्याचाही हिशोब आहे. कुर्बानीला कान फाटलेला, शिंग मुळापासून मोडलेलं जनावर चालत नाही. गिऱ्हाईक कान उलटा करून बघतो, शिंगाच्या बुडख्याला बोट लावतो. तात्यांचा तो एडका आज बाजारात आणलाच नाही. जखम भरली आहे, पण इंजेक्शनचे दिवस भरले नाहीत. तात्यांनी स्वतः ठरवलं. त्यांना तो पैसा पावसाळ्याआधी हवा होता, हे मला माहीत आहे.

२२ मे, गुरुवार

पाऊस थांबायला तयार नाही. मे महिन्यात अशी झड कुणाच्या आठवणीत नाही. काल वैनींच्या कळपात अंडी सापडली, अळ्या व्हायच्या आत. पहिल्या खेपेची मेंढी कालच व्यायली होती. कोकराच्या ओल्या नाळेच्या मुळाशी पांढरट पापुद्रा होता, ज्वारीचं पीठ ओल्या बोटानं टेकवल्यासारखा. वैनींना वाटलं वार चिकटली आहे. बोटानं खरवडलं तर दाणे वेगळे झाले. टिंक्चर आयोडीनमध्ये भिजवलेल्या बोळ्यानं पुसून काढलं आणि नाळ बुडवली. मेंढीच्या मागच्या अंगालाही बघितलं, तिथं काही नव्हतं. वार लांब नेऊन पुरली. आज सकाळी कोकरू बघितलं, नाळ कोरडी.

आजपासून व्यायलेल्या प्रत्येक मेंढीच्या कोकराची नाळ तासाच्या आत आयोडीनमध्ये बुडवायची. वाटी वैनींनी वाघरीच्या खुंटीलाच टांगून ठेवली आहे.

२७ मे, मंगळवार

मान्सून काल मुंबईत पोचला, इतक्या लवकर तो कधी आलेला नाही. पश्चिमेला गेलेले वाडे चिखलाला कंटाळून परत फिरलेत. पहिला वाडा आज ओढ्यापलीकडे उतरला. मेंढरं भिजलेली, लोकर लांब, कातरणी बाकी. चालून चालून खूर उललेले. आबा आणि मी लगेच तिकडे गेलो. आबा पुढे होते म्हणून बरं झालं, कारण परक्या बाईनं येऊन तुमच्या मेंढरांना किडे आहेत का विचारणं कुणाला आवडत नाही. आबांनी आधी पाऊसपाण्याचं, मग वाटेवरच्या चाऱ्याचं विचारलं आणि मगच म्हणाले, "पोरगी जरा हात लावून बघंल."

खुरांच्या बेचक्यात किडे असलेल्या मेंढ्या निघाल्या. तिथल्या तिथं टर्पेंटाईन, चिमटा आणि चुलीवरच्या आधणाचा डबा. वाड्यातल्या बायका आधी लांबून बघत होत्या, मग त्यातल्या एकीनं चिमटा माझ्या हातातून घेतला. तिचा हात माझ्यापेक्षा हलका होता.

त्यांनी लगेच कातरायचं म्हटलं. मी नको म्हटलं. ओल्या अंगावर, माशी भरात असताना कातर लावली तर प्रत्येक चुकीवर अंडी पडणार. सध्या फक्त शेपटीभोवतीची आणि मांड्यांच्या आतली लोकर काढायची, बाकी उघडीप मिळेल तेव्हा.

३ जून, मंगळवार

कोवळं गवत खाऊन हगवण सुरू. शेपटीखाली लगदा चिकटतो आणि तिथं ल्युसिलिया येते. हिची अंडी जखम नसतानाही पडतात. जंताचं औषध सगळ्या कळपांना पाजलं, आंत्रविषाराची लस पावसाआधीच झाली होती. सकाळी दव वाळेपर्यंत मेंढरं सोडायची नाहीत आणि सोडायच्या आधी थोडा कडबा घालायचा, यानं हगवण आवरते.

९ जून, सोमवार

रात्री लांडगा आला. उत्तर सोलापुरात नान्नजच्या माळावर लांडगे आहेत हे सगळ्यांना माहीत, पण आपल्या माळावरही ते असतात. कुत्री भुंकली म्हणून कोकरू सुटलं, पण मानेला चार दात लागले. वरून चार टाचणीची भोकं, आत मात्र खोल पोकळी. अशी जखम सगळ्यांत फसवी, कारण वरचं तोंड मिटतं आणि आत किडे राहतात. लोकर काढली, सलाईननं पिचकारी मारून धुतली, तोंड मिटू दिलं नाही. डॉक्टरांनी अँटिबायोटिक सुरू केलं. कुत्र्यांच्या रेबीजच्या लसीचं आणि ज्यांनी कोकरू हाताळलं त्यांचंही डॉक्टरांशी बोलून घेतलं. दिवसातून तीनदा बघायचं आहे.

१३ जून, शुक्रवार

कोकराची मान स्वच्छ. ओढ्यापलीकडच्या वाड्यात आज नवीन किडा नाही. तात्यांनी एडक्याच्या कानाला लाल दोरा बांधून ठेवला आहे, इंजेक्शनची तारीख विसरू नये म्हणून.

पुढच्या आठवड्यातलं काम : उघडीप मिळाली की परतलेल्या वाड्याची कातरणी, मामांना सांगून ठेवलं आहे आणि धारेची सहाण त्यांनी स्वतःहून आणायची कबूल केली आहे. आयोडीन संपत आलं आहे, सांगोल्याहून आणायचं. आणखी दोन वाडे दोन-तीन दिवसांत उतरतील असा निरोप आहे, त्यांच्याकडेही आबांना घेऊनच जायचं.